जपानी वाडगा आणि मनापासूनचा पाहुणचार: विकत घेण्यापासून पाहुण्याच्या हातात देईपर्यंत

जपानातल्या ओकायामा शहरातून लोकल गाडीने चाळीसेक मिनिटांवर इम्बे नावाचं छोटं स्टेशन आहे. बिझेनची मातीची भांडी इथली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, ती बाग याच ओकायामात आहे, म्हणून मला तिकडे जायची फार ओढ होती. ऑगस्टमधल्या एका दुपारी मी इम्बेतल्या एका कुंभाराच्या घरी गेले. दुकान पुढे, घर मागे. उन्हातून आलेली बघून घरातल्या आजींनी मला मागच्या तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोलीत बसवलं आणि गार मुगिचा आणला, म्हणजे भाजलेल्या सातूचा थंड चहा.

पेला बाहेरून ओला होता. मला वाटलं, घाईत सांडलं असेल. नंतर कळलं की त्यांनी तो मुद्दाम पाण्यात बुडवून काढला होता. बिझेनच्या भांड्यांना झिलई नसते. कोरडी असताना ती माती फिकी दिसते, भिजली की तिचा तांबूस रंग उजळतो, आणि तापून आलेल्या माणसाला नुसतं बघूनच गार वाटतं. पेल्याच्या एका अंगाला भाताच्या पेंढ्याने भट्टीत उमटलेली लालसर रेघ होती. ती बरोबर माझ्याकडे वळवून ठेवलेली. निघताना पाहिलं, तर मी कशाबशा काढलेल्या चपला तोंड दाराकडे करून जोडीने लावल्या होत्या.

यातल्या कशाबद्दलही आजी एक शब्द बोलल्या नाहीत. जपानीत याला ओमोतेनाशी म्हणतात. पाहुण्याला काय लागेल हे त्याने मागायच्या आत ओळखायचं, ते करून ठेवायचं आणि त्याच्यावर उपकाराचं ओझं येऊ द्यायचं नाही. मला या भांड्यांचं जे काही समजलं ते त्या ओल्या पेल्यापासून सुरू झालं. म्हणून भांडं आणि पाहुणचार वेगवेगळे न शिकवता, एकच वाडगा दुकानातून पाहुण्याच्या हातापर्यंत आणि परत फळीवर कसा न्यायचा, ते इथे पायरीपायरीने लिहिते. आपल्याकडे जपानहून आणलेले पेले काचेच्या कपाटात बंद असतात. ते बाहेर यावेत, एवढी इच्छा आहे.

पहिली पायरी: माती ओळखा

जपानी भांड्यांचे ढोबळ दोन प्रकार. तोकी म्हणजे मातीची भांडी: जाडसर, हाताला खरखरीत, आतला चहा गरम असला तरी बाहेरून सुखद उबदार लागणारी. जिकी म्हणजे पांढरी, पातळ, गुळगुळीत चिनी मातीची भांडी. विशिष्ट दगडाची पूड करून ती घडवतात आणि चांगलं पातळ जिकी उजेडासमोर धरलं तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. नखाने हलकेच टिचकी मारा. जिकी टण्णकन वाजतं, तोकीचा आवाज बसका येतो. मग भांडं उलटं करा. खाली जे गोल कडं असतं त्याला कोदाई म्हणतात आणि तिथे बहुधा झिलई नसते, म्हणून खरी माती तिथेच दिसते. कोदाईवर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो तसाच राहिला तर माती घट्ट भाजलेली आहे. हळूहळू आत मुरला तर भांडं पाणी पिणारं आहे आणि त्याची काळजी वेगळी घ्यावी लागेल. पुढचं सगळं या एका थेंबावर ठरतं.

गावांची नावं थोडी ठाऊक असली की खरेदीत मदत होते. बिझेन, शिगाराकी, ताम्बा, एचिझेन, तोकोनामे आणि सेतो ही जपानची सहा प्राचीन भट्ट्यांची गावं. यातल्या सेतोचा दबदबा एवढा की जपानच्या बऱ्याच भागात भांड्यांना सरसकट ‘सेतोमोनो’ म्हणतात. पांढऱ्या जिकीचं माहेर क्युशू बेटावरचं अरिता. कोरियाहून आणलेल्या री साम्पेई नावाच्या कारागिराने 1616 मध्ये तिथे योग्य दगड शोधला, असं मानतात. ही भांडी जवळच्या इमारी बंदरातून बाहेर जात, म्हणून जग त्यांना इमारी म्हणून ओळखतं. हागीची परंपराही 1604 च्या सुमारास कोरियन कुंभार भावांपासूनच सुरू होते. या कारागिरांमधले अनेक जण जपानच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांनंतर नेले गेले होते, स्वखुशीने आले नव्हते. इतकी सुंदर वस्तू हातात धरताना मला ते आठवत राहतं.

चहाच्या वाडग्यांबद्दल जपानी चहावाले क्रम सांगतात: पहिलं राकू, दुसरं हागी, तिसरं कारात्सु. क्योतोचा राकू वाडगा चाकावर फिरवत नाहीत, हातानेच घडवतात. सोळाव्या शतकात चोजिरो नावाच्या कारागिराने चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या मनाप्रमाणे तो पहिल्यांदा केला.

दुसरी पायरी: घ्यायचं काय

पहिलं भांडं रोजच्या वापराचं घ्या. माझं मत विचाराल तर युनोमी, म्हणजे बिनकानाचा उभा चहाचा पेला. महागडा चावान, म्हणजे माच्चाचा (हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा) वाडगा, पहिल्याच दिवशी घेऊ नका. हाताला सवय झाल्यावर घ्या.

दुकानात भांडं सपाट जागेवर ठेवून डुगडुगतं का बघा. बोटाचं पेर काठावरून पूर्ण एक फेरा फिरवा. डोळ्यांना न दिसलेला टवका बोटाला लागतो. टिचकीचा आवाज फुटका आला तर केसासारखी चीर असू शकते. झिलईवरच्या जाळीदार बारीक रेषा मात्र दोष नाहीत. त्यांना कान्न्यू म्हणतात. भट्टीतून निघाल्यावर झिलई आणि माती कमीजास्त आकसतात त्यामुळे त्या पडतात. सर्वांत शेवटी भांडं दोन्ही हातांत धरून डोळे मिटा. ते हातात बसतंय का, एवढंच बघा.

संच घ्यायचा असेल तर पाचाचा घ्या. जपानी संच बहुधा पाचाचे असतात. चार या आकड्याचा एक उच्चार ‘शि’, आणि मृत्यूलाही ‘शि’च म्हणतात. त्यामुळे जपानी माणसाला चार वस्तू भेट देणंही टाळावं.

आता आपल्या घरातला खरा प्रश्न: हळद. माझ्या पहिल्या हागी वाडग्यात मी कौतुकाने आमटी वाढली होती. कान्न्यूच्या एकेका रेघेत पिवळा रंग उतरला तो आजतागायत गेलेला नाही. हागीचा रंग वापराने बदलत जातो, त्याला ‘हागीचे सात पालट’ म्हणतात आणि ती कौतुकाची गोष्ट आहे, पण ते पालट चहाचे. फोडणीचं तेल आणि हळद मातीत शिरली की वासही धरते. वरण, आमटी, रस्सा वाढायचा तर अरितासारखं जिकी घ्या. पाणी पिणाऱ्या तोकीत चहा, भात, फळं, सुकं गोड वाढा. आपली लोणच्याची बरणी आठवा. तिची माती घट्ट भाजलेली असते आणि वर चकचकीत झिलई असते, म्हणूनच वर्षभर तेल-मीठ-हळद धरूनही ती पाझरत नाही.

तिसरी पायरी: पहिल्या वापराआधी भांडं तयार करणं

ज्या तोकीने थेंब प्यायला तिच्यासाठीच ही पायरी आहे. जपानीत हिला मेदोमे म्हणतात, म्हणजे मातीची भोकं बुजवणं. लागतं काय, तर तांदळाचं धुवण. पहिल्या हाताचं, चांगलं पांढरं. मी इंद्रायणीचं वापरते, कारण तो तांदूळ चिकट असतो.

मोठ्या पातेल्याच्या तळाशी सुती फडकं घाला, म्हणजे उकळताना भांडं आपटणार नाही. त्यावर भांडं ठेवून ते पूर्ण बुडेल इतकं गार धुवण ओता. आच मंद ठेवा. गरम पाण्यात गार भांडं कधीही सोडू नका, तडा जातो. हलकी उकळी फुटली की पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या आणि गॅस बंद करा. भांडं लगेच काढायचं नाही. ते त्याच पाण्यात पूर्ण निवायला हवं, कारण निवताना तांदळातली खळ मातीच्या छिद्रांत बसते. मग साध्या पाण्याने धुऊन सावलीत दोन-तीन दिवस वाळवा.

जिकीला हे काही लागत नाही. बिझेनलाही नाही, ती माती भट्टीत दहा-बारा दिवस लाकडावर भाजून दगडासारखी झालेली असते. राकू कमी आचेवर भाजलेला असतो, तो उकळू नकाच. वापराआधी कोमट पाण्यात भिजवला की पुरे. हागीच्या चहाच्या वाडग्याला मी मेदोमे करत नाही. ज्याला सात पालट बघायचे आहेत त्याने ते आधीच का बुजवावेत? पण घ्याल तिथे कुंभाराला विचारा. त्याची माती त्यालाच कळते.

चौथी पायरी: पाहुणा यायच्या आधी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. सेन नो रिक्यू (1522–1591) यांचे सात नियम चहाच्या परंपरेत पाठ असतात. चहा पिणाऱ्याला रुचेल असा करावा. पाणी नीट उकळेल असा कोळसा रचावा. फुलं रानात असतात तशी ठेवावीत. उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब द्यावी. वेळेच्या आधी तयार असावं. पाऊस नसला तरी पावसाची तयारी ठेवावी. आणि सोबतच्या पाहुण्यांकडे मन असावं. असं सांगतात की एक शिष्य म्हणाला, ‘एवढं तर मलाही माहीत आहे.’ रिक्यू म्हणाले, ‘हे सगळं जमलं तर मीच तुझा शिष्य होईन.’

हे नियम घरात उतरवायचे तर भांड्यापासून सुरुवात करा. उन्हाळ्यात जपानी लोक उथळ, पसरट चावान घेतात, त्याला हिराजावान म्हणतात. चहा लवकर निवतो. कडाक्याच्या थंडीत उभा, अरुंद त्सुत्सुजावान घेतात, त्यात ऊब टिकते. तुमच्याकडे एकच वाडगा असेल तरी उन्हाळ्यात तो बाहेरून ओला करता येतो आणि थंडीत गरम पाण्याने आधी तापवता येतो.

पाहुणा यायच्या वेळेला जपानी घरात दारापुढे पाणी शिंपडतात, त्याला उचिमिझु म्हणतात. ‘आम्ही तयार आहोत, या’ एवढाच त्याचा निरोप. सकाळी अंगणात सडा घालणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग पाहुण्याचा विचार करा. म्हातारं माणूस असेल, हात कापत असतील, तर जड वाडगा नको. लहान मूल सोबत असेल तर त्याचा पेला वेगळा आणि बुटका काढून ठेवा. पाहुणी लांबून, उन्हातून येणार आहे की शेजारून? सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याची एक आख्यायिका आहे. शिकारीहून तहानलेला तो एका मठात गेला. तिथल्या मुलाने आधी मोठ्या वाडग्यात भरपूर कोमट चहा दिला. दुसरा मागितल्यावर थोडा कमी आणि जास्त गरम. तिसरा छोट्या पेल्यात कडक गरम. आधी तहान, मग चव. तो मुलगा पुढे हिदेयोशीचा विश्वासू इशिदा मित्सुनारी झाला. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला पाहुणा आला की मी हाच क्रम धरते: आधी पाणी, पोटभर, आणि चहा नंतर.

पाचवी पायरी: वाडग्यात माच्चा करणं

साहित्य थोडं आहे. चावान, बांबूची बारीक काड्यांची रवी म्हणजे चासेन, बांबूचा लांब चमचा म्हणजे चाशाकु, बारीक चाळणी आणि पांढरं सुती फडकं. आपलं नळाचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर चहाची चव मरते आणि भांड्यावर पांढरे डाग बसतात. गाळलेलं हलकं पाणी घ्या.

गोड आधी द्या. पाहुण्याने ते संपवल्यावर चहा येतो, जिभेवर राहिलेल्या गोडीवर माच्चाचा कडसरपणा खुलतो. जपानी मिठाईत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण असतं आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतो. म्हणून मी पुरणाची लिंबाएवढी गोळी देते, तूप न घालता. तुपाने जीभ माखली की चहा कळत नाही.

आता वाडग्यात गरम पाणी ओतून चासेन त्यात मिनिटभर भिजवा. काड्या मऊ होतात, मोडत नाहीत, आणि वाडगाही तापतो. पाणी फेकून वाडगा फडक्याने आतून पूर्ण कोरडा करा; ओल राहिली तर गुठळ्या होतात. 2 ग्रॅम माच्चा चाळून घाला, चाशाकुने साधारण दोन चमचे. उकळलेलं पाणी एकदा दुसऱ्या भांड्यात ओतून 80 अंशांच्या आसपास येऊ द्या आणि त्यातलं 70 मिलिलिटर वाडग्यात हळू सोडा. डाव्या हाताने वाडगा धरा. चासेन ताक घुसळल्यासारखी गोल फिरवायची नाही. मनगट सैल ठेवून पुढे-मागे, पुढे-मागे चालवा. आधी तळाशी, मग फेस येऊ लागला की वरच्या वर, हळूहळू. पंधरा-वीस सेकंदांत होतं. शेवटी मधोमध एक गोल काढून चासेन सरळ वर उचला.

फेस किती, यावर घराण्यांचे मतभेद आहेत. उरासेन्के घराणं वाडगाभर बारीक फेस आणतं, ओमोतेसेन्के एका कडेला चंद्रकोरीएवढी जागा मोकळी सोडतं. दोन्ही प्रकार करून बघा.

माच्चा नसेल आणि साधा हिरवा चहा, सेन्चा, करायचा असेल तर एकच गोष्ट सांभाळा. तीन पेले असतील तर थोडा-थोडा करत एक-दोन-तीन, मग उलट तीन-दोन-एक असं ओता आणि शेवटचा थेंबही वाटून टाका. पहिला फिका आणि शेवटचा कडक, असं कुणाच्या वाट्याला येत नाही.

सहावी पायरी: हातात देणं आणि हातात घेणं

प्रत्येक वाडग्याला दर्शनी बाजू असते, जपानीत शोमेन. नक्षी असेल तर ती, नसेल तर झिलई सुंदर ओघळली असेल तो भाग. चहा करताना ती तुमच्याकडे असते. देताना वाडगा तळहातावर दोनदा थोडा-थोडा घड्याळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे ती बाजू पाहुण्याकडे जाते. सर्वांत सुंदर बाजू त्याला.

पाहुणा म्हणून तुम्ही असाल तर आधी शेजारच्याला ‘ओसाकी नि’ म्हणा, म्हणजे ‘तुमच्याआधी घेते’. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवा, किंचित मान लववा, आणि दोनदा फिरवून दर्शनी बाजू ओठांपासून दूर करा. यजमानाने दिलेल्या सुंदर बाजूला तोंड लावायचं नाही. शेवटचा घोट आवाज करून ओढायचा, त्यातून ‘संपला, छान होता’ हे कळतं. ओठ लागला तिथे बोटांनी पुसायचं आणि वाडगा उलट फिरवून पूर्ववत करायचा. यजमान पुढे करतो आणि पाहुणा मागे घेतो, ही दोघांची मिळून एक हालचाल आहे. शब्दांत एवढं लांबलं तरी प्रत्यक्षात अर्धं मिनिट लागतं.

त्यानंतर वाडगा बघायचा. कोपर मांडीजवळ टेकवून, जमिनीच्या अगदी जवळ धरून, म्हणजे निसटला तरी फुटणार नाही. अंगठ्या आणि बांगड्या आधी काढून ठेवलेल्या बऱ्या. लग्नात भेट मिळालेल्या माझ्या अंगठीने एका वाडग्याच्या झिलईवर ओरखडा काढलाय, तो मी रोज बघते.

सातवी पायरी: धुणं आणि वाळवणं

पाहुणा गेल्यावर लगेच कोमट पाण्याने, हाताने धुवा. पाणी पिणाऱ्या भांड्याला साबण शक्यतो नको, तारेची घासणी तर नकोच. सोनेरी नक्षीचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये जात नाही.

खरं काम वाळवण्याचं आहे. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये मातीचा वाडगा वरून कोरडा दिसला तरी कोदाई ओली असते. मी एकदा तसाच डब्यात बंद करून गावी गेले. परत आले तर कुबट वास आणि तळाला काळे ठिपके. पावसाळ्यात आता मी भांडं उपडं घालून, खाली दोन काड्या ठेवून, पंख्याखाली तीन दिवस ठेवते आणि मगच पेटीत घालते. जपानी पेट्या किरीच्या हलक्या लाकडाच्या असतात, झाकणावर अनेकदा कुंभाराच्या हातचा मजकूर आणि शिक्का असतो. ती पेटी टाकू नका, वाडग्याची ओळख तिच्यावर आहे. खरखरीत कोदाईने टेबलावर चरे पडत असतील तर बारीक पॉलिशपेपरने ती हलकेच घासून घ्या.

आठवी पायरी: फुटलं तर

तुकडे गोळा करून कागदात बांधून ठेवा, चिकटवायची घाई नको. किन्त्सुगी या जपानी दुरुस्तीत तुकडे उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड बसवतात. उरुशी दमट हवेत सुकते, प्रत्येक थराला दिवस लागतात आणि पूर्ण काम काही आठवडे ते महिने चालतं. हा चीक कच्चा असताना अंगावर उततो. आपला बिब्बा याच झाडाच्या कुळातला, बिब्बा उतलेला ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. हातमोजे घालूनच काम करा. बाजारात मिळणारे झटपट संच बहुतेक रासायनिक डिंकाचे असतात. तसं जोडलेलं भांडं फुलांसाठी ठेवा, चहासाठी नको.

आणि एक वही ठेवा. जपानी चहावाले प्रत्येक बैठकीची नोंद करतात: तारीख, कोण आलं, कोणता वाडगा, कोणतं फूल, कोणतं गोड. माझ्या वहीत अशा ओळी आहेत: ‘मावशी. हागी. जड वाटला, दोनदा खाली ठेवला. पुरण आवडलं.’ पुढच्या वेळी मावशी आली तेव्हा मी हलकं अरिता काढलं होतं, आणि पुरणाच्या दोन गोळ्या.